घड्याळातला एचआरव्ही: मोजायचा कसा, वाचायचा कसा आणि त्यावरून दिवस ठरवायचा कसा

ठाण्यातल्या उपवन तलावाभोवती सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांच्या गप्पांत पावलं आणि कॅलरींबरोबर हल्ली ‘एचआरव्ही’ (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार) हा शब्दही कानावर पडतो. एकाचा 28 असतो, दुसऱ्याचा 75. आज 41 दिसलेला आकडा उद्या 30 वर येतो आणि माणूस दिवसभर काळजीत राहतो. हा आकडा ठरावीक पद्धतीने मोजला तर अतिशय उपयोगी आहे, तसा न मोजल्यास नुसता घोर लावणारा आहे. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा मोजण्याच्या पद्धतीला दिली आहे.

आकडा नेमका कशाचा

नाडी मिनिटाला 70 असली तरी ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत. समजा, लागोपाठच्या ठोक्यांमधली अंतरं 850, 890, 870 आणि 920 मिलिसेकंद आहेत. शेजारशेजारच्या अंतरांतला फरक झाला 40, 20 आणि 50. या फरकांचे वर्ग 1600, 400 आणि 2500, त्यांची सरासरी 1500 आणि तिचं वर्गमूळ सुमारे 39. या 39 मिलिसेकंदांना आरएमएसएसडी म्हणतात. बहुतेक घड्याळं एचआरव्ही म्हणून हाच आकडा दाखवतात, फक्त चारऐवजी शेकडो अंतरं धरून.

हा फरक पडतो कशामुळे? हृदयात सायनस नोड नावाचा स्वतःचा गतिकारक असतो. त्याला कोणी आवरलं नाही तर तरुण माणसात तो मिनिटाला 100 च्या आसपास ठोके पाडेल. विश्रांतीत आपली नाडी 60-70 वर राहते, कारण मेंदूतून निघणारी व्हेगस ही नस त्याला सतत रोखून धरते. येऊरच्या डोंगरउतारावरून गाडी खाली आणताना चालक ब्रेकवरचा पाय हलकेच दाबत-सोडत राहतो, तसं व्हेगसचं काम चालतं. श्वास आत घेताना पकड सैल होते आणि ठोके जवळ येतात. श्वास सोडताना पकड घट्ट होते आणि ठोके लांबतात. मनगटावर बोटं ठेवून पाच-सहा संथ श्वास घेतलेत तर अनेकांना हे बोटांखालीच जाणवेल.

व्हेगसचा परिणाम पुढच्या एक-दोन ठोक्यांतच दिसतो. धावपळ, भीती, ताण यांच्या वेळी कामाला लागणारी अनुकंपी मज्जासंस्था मात्र हृदयाची गती बदलायला काही सेकंद घेते. त्यामुळे ठोक्यागणिक होणारा बदल मुख्यतः व्हेगसची पकड सांगतो. शरीर सावरलेलं, झोपलेलं, निवांत असेल तर तो जास्त असतो. ताप, अपुरी झोप, दारू, चिंता किंवा व्यायामाचा शीण असेल तर कमी होतो.

डॉक्टरांना ही गोष्ट नवी नाही. 1960 च्या दशकात हॉन आणि ली यांनी पोटातल्या बाळाबाबत नोंदवलं की त्याची नाडी बदलण्याआधीच ठोक्यांमधला चढउतार बदलतो. 1987 मध्ये क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 808 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चोवीस तासांच्या नोंदीत ज्यांचा चढउतार 50 मिलिसेकंदांच्या आत होता, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण 100 च्या वर असणाऱ्यांच्या पाचपटीहून जास्त निघालं. तो आकडा आरएमएसएसडी नव्हता, एसडीएनएन (सगळी अंतरं आपल्या सरासरीभोवती किती पसरली आहेत ते सांगणारा आकडा) होता, आणि चोवीस तासांचा होता. तुमच्या घड्याळात सकाळी 45 दिसलं तर त्याचा या अभ्यासातल्या 50 शी काहीही संबंध लावू नका.

पहिली पायरी: तुमचं यंत्र काय मोजतं ते पाहा

गार्मिन, फिटबिट, ऊरा आणि व्हूप ही यंत्रं झोपेत आरएमएसएसडी मोजतात. ॲपल वॉच एसडीएनएन दाखवतं, तेही दिवसभरात अधूनमधून आपल्या सोयीने मोजून. म्हणून नवऱ्याचं ॲपल आणि बायकोचं गार्मिन यांचे आकडे शेजारी ठेवून पाहण्यात अर्थ नाही. काही ॲप मूळ आकड्याचा लॉगॅरिदम काढून 0 ते 100 असा गुण देतात, तो आणखी तिसराच प्रकार.

घड्याळ नसेल तरी अडत नाही. एचआरव्हीफॉरट्रेनिंगसारख्या ॲपमध्ये फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून मोजता येतं. अचूकता हवी असेल तर पोलर एच10 सारखा छातीचा पट्टा आणि त्याला जोडलेलं एलिट एचआरव्ही किंवा कुबिओससारखं ॲप उत्तम, कारण पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट पकडतो. घड्याळ मात्र त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची लाट मोजतं. हात हलला, पट्टा सैल असला किंवा घामाने सरकला की त्याची मोजणी चुकते. म्हणूनच चालताना, धावताना मनगटावर दिसणारा एचआरव्ही पाहूच नये.

एखादं स्वस्त घड्याळ ‘स्ट्रेस’ किंवा ‘एचआरव्ही’ असा आकडा दाखवत असेल, पण ते काय आणि कधी मोजतं याचा कुठेच उल्लेख नसेल, तर त्यावरून कोणताही निर्णय घेऊ नका. पावलं मोजायला ते ठीक आहे.

दुसरी पायरी: रोज त्याच वेळी, त्याच स्थितीत

एचआरव्ही फार हळवा आहे. चहा, बोलणं, जिना चढणं, पोट भरलेलं असणं, लघवी तुंबलेली असणं या सगळ्यांनी तो हलतो. म्हणून मोजण्याची परिस्थिती रोज एकच ठेवायची. घड्याळ झोपेत मोजत असेल तर तुमचं काम फक्त ते रोज रात्री नीट घट्ट बांधून झोपण्याचं. स्वतः मोजणार असाल तर पुढचा क्रम पाळा.

उठा, लघवीला जाऊन या. चहा-कॉफी आणि तंबाखू नंतर. फोन हातात घेतलात तरी व्हॉट्सॲप उघडू नका, ऑफिसच्या ग्रुपवरचा एक मेसेजसुद्धा आकडा पाडायला पुरेसा असतो. पलंगाच्या कडेला किंवा खुर्चीत, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसा. एक मिनिट नुसते बसा, मग मोजणी सुरू करा. किमान एक मिनिट मोजा, जमलं तर दोन-तीन मिनिटं. या वेळात बोलायचं नाही, गिळायचं नाही, खोकायचं नाही. श्वास जसा चालतो तसा चालू द्या. मुद्दाम संथ श्वास घेतलात तर आकडा फुगतो आणि कालच्याशी तुलना राहत नाही.

बसून की पडून? दोन्ही चालतं, पण एकदा ठरवलं की बदलू नका. ज्यांची नाडी मुळातच 50 च्या खाली असते, अशा नियमित धावणाऱ्यांनी बसूनच मोजावं. पडल्यावर त्यांच्यात व्हेगसची पकड इतकी घट्ट असते की आकड्यात चढउतार नीट उमटत नाही.

ॲपल वॉच असेल तर सकाळी बसून त्यातलं श्वासाचं एक मिनिटाचं सत्र चालवा, त्या वेळी घड्याळ हमखास एचआरव्ही नोंदवतं. सत्रात श्वास संथ होतोच, त्यामुळे आकडा वाढीव येईल. रोज तसाच मोजलात तर हरकत नाही, फक्त त्याची तुलना दिवसातल्या इतर नोंदींशी करू नका.

ऐरोली-घणसोलीच्या आयटी कंपन्यांत रात्रपाळी करणारे विचारतात की त्यांची ‘सकाळ’ कोणती. मुख्य झोप संपते ती. दुपारी दोनला उठत असाल तर दोनला मोजा. पाळी बदलणाऱ्या आठवड्यातले आकडे वेगळ्या रंगात लिहा, ते सरासरीत मिसळले की काहीच कळत नाही.

आकड्याबरोबर चार गोष्टी लिहून ठेवा: सकाळची नाडी, झोपायला गेल्याची वेळ, आदल्या दिवशीचा व्यायाम आणि काही वेगळं घडलं असेल तर एका शब्दात. ‘लग्न’, ‘दारू’, ‘सर्दी’, ‘उपवास’, ‘लोकल रखडली’, एवढंसुद्धा पुरतं. स्त्रियांनी पाळीचा दिवसही लिहावा. बीजमोचनानंतरच्या पंधरवड्यात अनेकींचा एचआरव्ही थोडा खाली आणि नाडी थोडी वर असते, ते नैसर्गिक आहे. ही नोंद नसेल तर दर महिन्याला तब्येत बिघडल्यासारखं वाटत राहील.

तिसरी पायरी: स्वतःच्या आकड्यांचा नेहमीचा पट्टा ठरवा

‘अहो, माझा 22 आणि सूनबाईंचा 70, काही बिघडलंय का माझं?’ हा प्रश्न आमच्या फेरीतल्या एका काकूंचा. बिघडलेलं काही नव्हतं. वय वाढतं तसा एचआरव्ही कमी होत जातो, आणि एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांतही तो दुप्पट-तिप्पट वेगळा असू शकतो. निरोगी प्रौढांच्या छोट्या मोजण्यांवरच्या अभ्यासांचा एक आढावा 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आरएमएसएसडीची सरासरी 42 आली, पण निरनिराळ्या अभ्यासांतल्या सरासऱ्या 19 पासून 75 पर्यंत पसरल्या होत्या. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करणं म्हणूनच व्यर्थ आहे. काकूंना मी एवढंच सांगितलं की तुमची तुलना तुमच्या मागच्या महिन्याशी.

पहिले तीन आठवडे फक्त मोजा, आकड्यावरून काहीही ठरवू नका. गार्मिनसुद्धा हा आकड्यांचा पट्टा दाखवायला साधारण तेवढाच वेळ घेतं. आठवड्यातून दोन-तीन दिवस मोजून भागत नाही, किमान पाच दिवस हवेत.

मग एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात ते) काढा. त्यासाठी ‘ॲव्हरेज’ आणि ‘एसटीडीईव्ही’ ही तयार सूत्रं आहेत. समजा, सरासरी 36 आली आणि प्रमाण विचलन 6. मग तुमचा रोजचा नेहमीचा पट्टा 30 ते 42. या पट्ट्यातला प्रत्येक आकडा सारखाच. आज 33 आणि काल 40 याचा अर्थ लावत बसू नका, तो फरक रोजचाच आहे. शिवाय शेवटच्या सात दिवसांची सरासरी सतत पाहत राहा. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा ती कितीतरी भरवशाची, आणि तिचा पट्टा अरुंद असतो: याच उदाहरणात साधारण 33 ते 39. पुढे नोंदी वाढल्या की मागचे 60 दिवस धरून पट्टा नव्याने काढा.

चौथी पायरी: आज काय करायचं

आकडा पट्ट्यात आहे आणि नाडीही नेहमीसारखी आहे, तर ठरलेलं करा.

आकडा एकच दिवस खाली गेला तर आधी नोंदवहीत कारण शोधा. रात्रीचं जागरण, उशिराचं जेवण, आदल्या दिवशीची लांब धाव यांपैकी काहीतरी सापडतंच. त्या दिवशी जोराचा व्यायाम टाळून संथ चाला, बाकी दिवस नेहमीसारखा.

दोन-तीन दिवस सलग खाली, आणि सकाळची नाडीही नेहमीपेक्षा पाच-सात ठोक्यांनी जास्त, हे लक्षण गांभीर्याने घ्या. शरीर कशाशी तरी झुंजतं आहे. पावसाळ्यात ठाण्यात डेंग्यू आणि विषाणूजन्य ताप यांचे दिवस असतात, आणि कणकण जाणवण्याच्या आदल्या दिवशीच आकडा पडलेला पुष्कळदा दिसतो. अशा वेळी व्यायाम बंद, पाणी भरपूर, ताप मोजत राहणं आणि ताप आला तर डॉक्टर. ताप उतरल्यावरही नाडी आणि एचआरव्ही आपल्या पट्ट्यात परत येईपर्यंत धावायला जाऊ नका. पावसाळी मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना हे सांगणं मला फार गरजेचं वाटतं. शर्यतीची तारीख जवळ आली की अंगात ताप असतानाही सराव उरकण्याकडे कल असतो, आणि तापात केलेला जोराचा व्यायाम हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतो.

आकडा पट्ट्याच्या बराच वर गेला तर? आनंद मानण्याची घाई नको. पुष्कळ आठवडे जास्त सराव केलेल्या धावपटूंमध्ये अतिश्रमानेही आकडा वर जातो. पाय जड, मन उदास आणि एचआरव्ही खूप वर, असं असेल तर तीही विश्रांतीची वेळ.

आकडा आणि अंग यांचं जुळलं नाही तर मी अंगाचं ऐकतो. आकडा छान आहे पण गुडघा दुखतो आहे, तर गुडघ्याला विश्रांती. आकडा खाली आहे पण अंगात उत्साह आहे, तर चालायला जा आणि दहा मिनिटांनी ठरवा.

या पद्धतीने सराव ठरवण्याला प्रयोगाचा आधार आहे. फिनलंडमध्ये किविनिएमी आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने आधी आखलेलं वेळापत्रक पाळलं, दुसऱ्याने सकाळचा एचआरव्ही पाहून कठीण की सोपा दिवस हे ठरवलं. चार आठवड्यांनी दुसऱ्या गटाचा कमाल धावण्याचा वेग जास्त वाढलेला होता.

पाचवी पायरी: आकडा सुधारणाऱ्या सवयी

सर्वांत आधी झोप, आणि झोपेत सर्वांत आधी तिची ठरावीक वेळ. शनिवार-रविवारी दोनला झोपून दहाला उठणाऱ्यांचे सोमवार-मंगळवारचे आकडे पाहा, ते पडलेले असतात. गणपतीच्या दिवसांत जागरणं होणारच. त्या आठवड्यात आकडा पाहून हळहळू नका, जोराचा व्यायाम तेवढा पुढे ढकला.

दारूचा परिणाम इतका उघड दिसतो की वेगळं पटवून द्यावं लागत नाही. दोन पेग घेतलेल्या रात्रीचा आणि न घेतलेल्या रात्रीचा आलेख शेजारी ठेवा. नाडी रात्रभर वर, एचआरव्ही खाली. तंबाखू आणि सिगारेटही आकडा पाडतात.

रात्रीचं जेवण हा आपल्याकडचा खरा पेच. मुंबईहून लोकलने येणारा माणूस नऊ-साडेनऊला घोडबंदर रोडवरच्या घरी पोहोचतो, दहाला जेवतो, अकराला झोपतो. पोट कामात असताना नाडी उतरत नाही आणि एचआरव्ही वर येत नाही. ‘सातच्या आत जेवा’ हा सल्ला त्याच्या काही कामाचा नाही. त्याऐवजी निघण्यापूर्वी साडेसहाच्या सुमारास डब्यातली पोळी-भाजी किंवा उसळ खा, आणि घरी मूगडाळीची पातळ खिचडी, सूप किंवा ताक-भात असं हलकं, थोडं घ्या. तीन आठवडे हे करा आणि नोंदी ताडून पाहा. या काळात दुसरं काहीही बदलू नका. दोन सवयी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला हे कळायचं नाही.

व्यायामात संथ आणि नियमित प्रकार सर्वाधिक फळ देतो: गप्पा मारता येतील इतक्या वेगाने चालणं, सायकल, पोहणं, आठवड्यातून चार-पाच दिवस, 30 ते 45 मिनिटं. आकड्यात फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. जागा निवडताना हवेचा विचार करा. हवेतले सूक्ष्म धूलिकण वाढले की एचआरव्ही घटतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ट्रकच्या रांगेशेजारून घोडबंदर रोडवर चालण्यापेक्षा उपवन, येऊरचा पायथा किंवा सोसायटीच्या आतला रस्ता केव्हाही चांगला. दमट दिवसांत पाणी कमी पडलं तरी आकडा उतरतो, म्हणून व्यायामाआधी आणि नंतर पाणी प्या.

आणि श्वास. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की श्वासाची लय आणि रक्तदाब सावरणारी शरीराची लय एकमेकींशी जुळतात, आणि ठोक्यांचा चढउतार सर्वाधिक होतो. इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवलं की लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहापर्यंत उतरतो. आपल्या घरात ओंकार म्हणणारी माणसं असतात, त्यांनी घड्याळ लावून आपले श्वास मोजून पाहावेत.

कृती अशी: चार सेकंद नाकाने श्वास आत, सहा सेकंद सावकाश बाहेर, न रोखता. दहा मिनिटं, रोज, शक्यतो संध्याकाळी किंवा झोपण्यापूर्वी. छाती फुगवून मोठा श्वास घ्यायचा नाही, फक्त संथ घ्यायचा. गरगरलं तर थांबा आणि पुढच्या वेळी श्वास आणखी हलका ठेवा. हा सराव चालू असताना मोजलेला आकडा वहीत लिहू नका, सकाळची मोजणी झाल्याशिवाय सराव करू नका. फायदा सकाळच्या सात दिवसांच्या सरासरीत काही आठवड्यांनी शोधायचा.

ज्यांच्यासाठी हा आकडा फसवा आहे

हृदयाचे ठोके मुळातच अनियमित पडत असतील तर यंत्राला ती अनियमितता चांगला एचआरव्ही वाटते. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा आजार) असलेल्या माणसाचा आकडा म्हणूनच भलताच मोठा येऊ शकतो. मध्येच एखादा जादा ठोका पडणाऱ्यांचंही तसंच. पेसमेकर असलेल्यांसाठी हा आकडा निरुपयोगी आहे. मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या सुरू झाल्या की नाडी उतरते आणि एचआरव्हीही बदलतो. गोळी सुरू केल्याची किंवा डोस बदलल्याची तारीख लिहा आणि तिथून नवा पट्टा काढा. आकडा पाहून गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

मधुमेह असलेल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की हृदयाच्या नसाही झिजतात, आणि पहिली खूण ठोक्यांचा चढउतार कमी होण्यातच दिसते. दवाखान्यात यासाठी साधी तपासणी आहे: मिनिटाला सहा खोल श्वास घ्यायला लावून ईसीजी काढतात आणि श्वास घेताना व सोडताना नाडीत किती फरक पडतो ते मोजतात. फरक 15 ठोक्यांहून जास्त असेल तर सामान्य आणि 10 च्या आत असेल तर नसांचा बिघाड असू शकतो, असं ढोबळपणे मानतात, वयानुसार थोडं कमी-अधिक. बसल्या जागी नाडी 100 च्या वर राहते, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते किंवा घड्याळातला आकडा महिनोन्‌महिने तळाशी चिकटून आहे, तर डॉक्टरांकडे ही तपासणी मागा.

एचआरव्ही हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा दाखवत नाही. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप यांपैकी काही होत असेल तर घड्याळाकडे पाहू नका, 108 ला फोन करा.

इतर तक्रारींसाठी डॉक्टरांकडे जाताना फोनमधले आलेख दाखवत बसण्याऐवजी एक कागद न्या. तीन महिन्यांची आठवड्यागणिक सरासरी, त्याच आठवड्यांची सकाळची नाडी आणि औषधं, आजारपण, कामाची पाळी बदलल्याच्या तारखा, एवढं एका पानावर मावतं. यंत्राचं नाव आणि आकडा आरएमएसएसडी आहे की एसडीएनएन, हे वरच्या कोपऱ्यात लिहा.